मन्मथअप्पांना ओ द्यावी लागते

मी गुळाची ढेप घेऊन मन्मथअप्पांच्या समोर उभी असायची. मध्ये फक्त काउंटर. त्यांनी हात लांब केला तर माझ्या नाकाला लागेल एवढंच अंतर. आणि अप्पा माझ्याकडे बघत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायचे, "सुमनबाई!"

"ओ अप्पा."

"हाय का?"

"हाय."

"बरं."

झालं. त्या हाकेच्या पुढे काम असं काही नसायचं. ढेप त्यांना नको असायची, मीही नको असायची. मी आहे, एवढं त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असायचं. नवीन गिऱ्हाइकं एकदा अप्पांकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि आपापल्या पिशव्या जरा घट्ट धरून पुढं सरकायची.

लातूरच्या ट्यूशन एरियात आमचं दुकान. खाली किराणा, वरच्या मजल्यावर वह्या, बादल्या आणि गाद्या. म्हणजे पोरगं डॉक्टर होईपर्यंत त्याला जे जे लागतं ते सगळं. पोरं कुठून कुठून येतात! कंधार, धर्माबाद, किनवटकडून तर येतातच, पण पार कोकणातनंही येतात. पोरामागं त्याची आई येते, खोली करून राहते, पोराला रांधून घालते. आणि या सगळ्या होऊ घातलेल्या डॉक्टरांची तूरडाळ, पोहे आणि मुरमुरे आमच्या किराणा विभागातून जातात. बदाम मागायला आलेली आई 'स्मरणशक्तीचे कोणते?' असं विचारते, तेव्हा बदामातही तशी जात असते की काय असं मलाही वाटायला लागतं.

काम सात माणसांचं. गल्ल्यावरचा कॅशियर सोडला तर माणसं आम्ही तीन. विभागप्रमुख म्हणून अप्पा, गोदाम आणि पॅकिंगला शकीलभाई, आणि बाकी सगळ्याला मी. दुकानाच्या काचेवर 'कामगार पाहिजेत' अशी पाटी होती. ती उन्हानं इतकी विटली होती की, तीच निवृत्तीला आली आहे असं वाटायचं. गावातली तरणी पोरं एक तर क्लासात शिकत होती, नाही तर क्लासात नोकरीला होती. गूळ जोखायला कोण येणार? एक पोरगा आला होता, चार महिने टिकला आणि समोरच्याच क्लासात शिपाई झाला. मी त्याला विचारलं, "तिथं काय सुख आहे रे?" तर म्हणाला, "ताई, तिथं हजेरी दिवसातून एकदाच घेतात."

आमच्याकडे ती दिवसभर चालायची.

अप्पांचे नियम सांगते. मान हलवलेली चालत नसे. 'हूं' चालत नसे. "हूं काय? म्हैसबी हूं करती. तोंडानं ओ द्या." हात वर केलेला तर मुळीच चालत नसे. रॅकच्या मागं असा, गोदामात असा, वरच्या मजल्यावर बादल्या आणायला गेलेल्या असा, हाक आली की ओ गेली पाहिजे. आणि हाक परत यायच्या आत गेली पाहिजे. उशीर झाला तर अप्पा हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून, अर्धी जोखलेली साखर काट्यावर ठेवून, धोतराचा सोगा धरून शोधत यायचे. आणि आम्ही सापडलो की, सापडल्याचाच राग आमच्यावर काढायचे.

शकीलभाईंची एकदा दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा, डॉक्टरनं बोलायला मनाई केलेली. गोदामातून ओ येईना म्हणून अप्पांनी हाकांचा सपाटा लावला. शेवटी शकीलभाईंनी वैतागून तेलाचा रिकामा डबा बडवला. अप्पा क्षणभर थांबले, विचार केला आणि निकाल दिला, "आजच्या दिस डबा चालंल. पर एकदा वाजवला तर कळायचं न्हाई कोण हाय. दोनदा वाजीव." त्या दिवशी दुकानात लग्नाचा बँड आहे असं समजून एक बाई विचारायला आली होती.

"सुमनबाई, ये आदमी पागल है," शकीलभाई दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालानं मला म्हणाले. "मेरेको तो घर में भी नींद में ओ निकलती. बीवी पूछती, किसको जवाब देरे जी?"

माझी कथा तर सांगण्यासारखी नाही, पण सांगते. दुकानाच्या मागच्या बाजूला बाथरूम. मी आत. बाहेरून हाक आली. मी गप्प बसले. बाईमाणसानं काय करावं? दुसरी हाक आली, तिसरी आली. मग पायांचा आवाज जवळ आला. मी आतून ओरडले, "ओ! हाय! हाय मी!" काउंटरवरची सगळी रांग खदाखदा हसली. बाहेर येऊन मी अप्पांवर तुटून पडले, "अप्पा, काही लाज हाय का न्हाई?"

"लाज हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "पर तुम्ही हाव का न्हाई, ते कसं कळावं?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गिऱ्हाइकांनाही ते सोडत नसत. त्यांचा मोठा वैरी म्हणजे कानात घालायचे ते इयरफोन. "कानात बुचं घालून दुकानात यायचं न्हाई," असं ते पोरांना बजावत. एखादं पोरगं कानात वायरी घालून, ओठांनी काहीतरी सूत्र पुटपुटत बिस्किटाच्या रॅकपाशी उभं असलं आणि अप्पांच्या "बाजूला व्हा"ला हललं नाही, की अप्पा जाऊन त्याच्या कानातली वायर स्वतः काढायचे. "कुणी हाक मारली तर ऐकू येतंय का तुला? तुझी आई हाक मारंल, ऐकू येतंय का?" पोरगं घाबरून 'सॉरी अंकल' म्हणायचं. काही आयांना ते आवडायचं, काहींना नाही. ज्यांना आवडायचं नाही त्या शेठना फोन करायच्या.

आता अप्पांविषयी आम्हाला काहीच माहीत नव्हतं असं नाही. अप्पा किल्लारीकडचे. लातुरात एवढं सांगितलं की पुढचं विचारत नाहीत. 'घरी कोण कोण असतं?' हा प्रश्न बाकीच्या महाराष्ट्रात ओळख वाढवायला विचारतात. आमच्याकडे त्या बाजूच्या माणसाला तो विचारायची पद्धत नाही. अप्पा एका खोलीत एकटे राहतात, मंडळी भूकंपात गेली, भूकंपाआधीपासून ते गंजगोलाईत एका आडत दुकानावर होते आणि तिथून इकडे आले, इतपत आम्हाला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्यामुळे मला त्यांची फार दया यायची असंही नाही. भूकंप आम्हीही बघितला होता. त्यानंतर ज्याचं त्याचं काही ना काही झालंच होतं. माझी आत्या अजून आतून कडी लावत नाही, चोर आला तर आला म्हणते. माझे सासरे कित्येक वर्षं अंगणातच झोपले. पण म्हणून ते गावाला ओ द्यायला लावत नव्हते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत. सात माणसांचं काम तिघांनी करायचं, आणि वर ओ द्यायची!

शिवाय अप्पा मंडळीची आठवण काढत, ती अशी की ऐकणाऱ्याला हसूच यावं. मी त्यांचं एखादं फर्मान धुडकावलं की म्हणत, "तुम्ही अगदी आमच्या मंडळीसारख्या. मी एक सांगितलं की ती दोन सांगायची. डावीकडं जा म्हणलं की उजवीकडं. जल्मात माझं एक ऐकलं न्हाई बघा तिनं." शकीलभाई माझ्या कानात म्हणायचे, "बीवी ने नहीं सुना, इसलिए हमको सुना रहा." मला ते पटायचं. घरात चाललं नाही म्हणून बाहेर रुबाब करणारी माणसं मी काय कमी पाहिली आहेत!

एक मात्र होतं. शकीलभाई दुपारी गोदामाच्या कोपऱ्यात नमाज पढायचे. तेवढा वेळ अप्पा हाक मारत नसत. गोदामाच्या दाराशी पाठ करून उभे राहायचे आणि आत कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. शकीलभाई बाहेर आले की हळूच विचारायचे, "हाय का?" ते म्हणायचे, "हौ अप्पा." मग स्वारी काउंटरवर.

असं सगळं बरं-वाईट चाललं असताना छोटे शेठ आले. आमच्या शेठचा हा धाकटा मुलगा, नांदेडातच वाढलेला. नांदेडची शाखा त्यानंच उभी केली होती. तिथं म्हणे फरशीत तोंड दिसतं, बारीक आवाजात बासरी वाजते आणि नोकर बोलतच नाहीत. त्यानं आमच्याकडे एक दिवस उभं राहून बघितलं. त्या दिवशी अप्पांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच हाका मारल्या. मालकाला आपलं काम दिसावं असं कुणाला वाटत नाही?

संध्याकाळी त्यानं आम्हा तिघांना बोलावलं. "अप्पा, हे सुपर मार्केट आहे, म्हशींचा बाजार नाही. उद्यापासून दुकानात हाक मारायची नाही."

"मग माणूस कुठं हाय ते कसं कळायचं?"

"बेल लावून देतो. आणि परत ओरडल्याची तक्रार आली तर तुम्हाला एमआयडीसीच्या गोदामावर पाठवणार. पगार तोच. तिथं निवांत बसायचं."

अप्पांचा चेहरा उतरला. ते गोदाम मी बघितलंय. गावाबाहेर, छतापर्यंत पोती, दुपारी एकदा ट्रक येतो आणि माल टाकून जातो. एरवी चिटपाखरू नाही. आमच्यासारख्या माणसाला ते निवांत वाटेल. अप्पांना तिथं बसवायचं म्हणजे मासा पाण्यातनं काढून गादीवर ठेवायचा. पण अप्पांना कसं वाटेल, याचा विचार करायला त्या दिवशी आम्हाला सवड नव्हती. आम्ही खुश होतो. शकीलभाईंनी दुसऱ्या दिवशी घरून मुरमुऱ्यांचा सुशीला करून आणला, भरपूर शेंगदाणे घालून, आणि आम्ही दोघांनी तो एकमेकांशी एक अक्षरही न बोलता खाल्ला. न बोलण्याचं सुख काय असतं ते लोकांना कळत नाही.

अप्पांचा एक गुण सांगितलाच पाहिजे. ते दुसऱ्यांना जेवढे छळत तेवढेच स्वतःलाही. वरून हुकूम आला म्हणजे आला. त्यांनी हाक बंद केली ती बंदच. बेल आली. एकदा दाबली की माझ्या रॅकपाशी हिरवा दिवा लागायचा, दोनदा दाबली की शकीलभाईंकडे. आम्ही आमचं बटन दाबलं की अप्पांच्या काउंटरवर लाल दिवा. अप्पा त्या लाल दिव्याकडे संशयानं बघत राहायचे.

"लागला की दिवा, अप्पा," मी सांगायची.

"दिवा काय, कुणीबी लावंल," ते म्हणायचे. "दिव्याला जीव हाय का?"

मग त्यांनी नवीनच खेळ काढला. बेल वाजवायची, दिवा लागला की खात्री करायला स्वतः यायचं. बिनआवाजाचं. मी साबणाच्या वड्या लावत असायची आणि मागं वळावं तर खांद्यापाशी अप्पांच्या मिशा. दोनदा माझ्या हातून बरण्या पडल्या. ते काही बोलत नसत, नुसते बघून निघून जात. हाका परवडल्या असं म्हणायची वेळ आली. डबाही नीट खात नव्हते. भाकरीचा तुकडा मोडला की उठायचे, एक चक्कर मारायची, परत बसायचे. भाकर वाळून जायची. शकीलभाई म्हणाले, "बुढ्ढा सूख रहा, सुमनबाई." मी म्हटलं, "होईल सवय." पण मलाही ते बघवत नव्हतं. ज्या माणसाच्या आवाजानं आपलं डोकं उठायचं त्याच्या गप्प बसण्यानं आपल्याला जेवण जाऊ नये, हा कुठला न्याय?

आणि मग ती दुपार आली. क्लास सुटल्याची वेळ, दुकान पोरांनी आणि आयांनी गच्च. मी गोदामात शकीलभाईंना मुरमुऱ्यांची पोती खाली घ्यायला मदत करत होते. एवढ्यात धडाड्‌ असा आवाज झाला आणि पायाखालची फरशी थरथरली. रॅकवरच्या बरण्या एकमेकींवर आदळून किणकिणल्या.

लातूरकर माणूस अशा वेळी विचार करत नाही. त्याचे पाय विचार करतात. मी आणि शकीलभाई मागच्या दारानं कधी बाहेर आलो ते आमचं आम्हाला कळलं नाही. पुढच्या दारानं कॅशियर पळाला, नोटा मुठीत धरून. शेजारचा न्हावी पळाला आणि त्याच्यामागं अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकही पळालं. समोरच्या बँकेतली साहेबमंडळी रस्त्यावर. जो जो चाळिशीच्या पुढचा आणि इथला, तो तो रस्त्यावर उभा, डोळे आभाळाकडे, हात छातीवर. आणि बाहेरगावची पोरं? ती दुकानातच उभी, हातात बिस्किटाचे पुडे, 'या लोकांना झालं काय?' असं बघत. छोटे शेठ नांदेडचे. तेही तसेच आत उभे.

झालं काय होतं, तर आमच्या मागच्या प्लॉटवर नवीन क्लासची इमारत चालली होती आणि डंपरनं खडीची अख्खी गाडी एकदम ओतली होती. ड्रायव्हर केबिनमधून आम्हाला विचारत होता, "काय झालं वो?" आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. दर दोन-चार महिन्यांनी हे होतंच. कधी ट्रकचं टायर फुटतं, कधी ट्रान्सफॉर्मर उडतो आणि आख्खं गाव रस्त्यावर येतं. मग सगळे जण 'मी पळालो नव्हतो, मी सहज आलो होतो' असं एकमेकांना सांगत चहाला जातात. शकीलभाई मला म्हणाले, "चलो, चाय मारते."

तेवढ्यात आतून हाक आली.

"सुमनबाई!"

एवढ्या दिवसांनी तो आवाज ऐकून आम्हाला आणखी हसू आलं. "गया बुढ्ढा एमआयडीसी के गोदाम में," शकीलभाई म्हणाले. पुन्हा हाक आली. "शकील! ए शकील!" पुन्हा माझी. तिसऱ्या हाकेला माझं हसू थांबलं. आवाज अप्पांचाच होता, पण तो आम्हाला छळणाऱ्या अप्पांचा नव्हता. मी पळत मागच्या दारानं आत शिरले.

आम्ही पळताना मुरमुऱ्यांची थप्पी अर्धवट सुटली होती. ती हादऱ्यानं कोसळून गोदामाच्या वाटेवर ढीग झाला होता. अप्पांना आम्ही आत गेलेलो माहीत होतं, बाहेर आलेलो माहीत नव्हतं. ते त्या ढिगावर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पोती ओढत होते. पोती फाटत होती. मुरमुरे त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, धोतरात. एका हातानं उचलावं इतकं हलकं ते पोतं, आणि अप्पा दगड उपसावा तसा जोर लावत होते. समोरच्या दारात छोटे शेठ उभे राहून सांगत होते, "अप्पा, डंपर आहे, डंपर. काही झालेलं नाही." त्यांच्यामागं पोरं आणि त्यांच्या आया जमल्या होत्या.

मी अप्पांच्या मागं जाऊन म्हटलं, "अप्पा, मी इथं आहे." त्यांना ऐकू गेलं नाही. ते हाकाच मारत होते. मग मी पोटातून ओरडले, "ओ! ओ अप्पा! हाय मी!"

त्यांचे हात थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. माझ्यामागं शकीलभाई होते, त्यांच्याकडे बघितलं. मग ते तिथंच मुरमुऱ्यांत बसले.

"ओ का दिली न्हाई?" रागानं विचारायला गेले, पण विनवल्यासारखं झालं.

"बाहेर होतो, अप्पा. डंपर होता."

"गप बसू नका वो," ते म्हणाले. "गप बसलं की कळत न्हाई कुठं उकरावं."

मी खाली बसले. शकीलभाईंनी पाणी आणलं. अप्पांनी तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत. आणि माझ्याकडे न बघता, मुरमुऱ्यांकडे बघत बोलायला लागले.

"मंडळी ओ देत होती. घराचं माळवद समदं खाली आलं होतं. मी लातूरहून पोचलो, वरून हाक मारली की ती खालून ओ द्यायची. मी दगड काढायचो, हाक मारायचो, ती ओ द्यायची. दुपार व्हायली. आवाज बारीक व्हायला लागला. मला वाटलं, ओ देऊन देऊन दम जाईल तिचा. म्हणलं, आता बोलू नको. गप पड. दम राख. मी काढतो तुला." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "जल्मात माझं ऐकलं न्हाई, सुमनबाई. तेवढं ऐकलं."



"मिल्ट्रीची माणसं आली. म्हणली, आवाज कुठून येतोय ते दाखवा, तिथं उकरतो. मी हाक मारली. लई मारल्या. म्हणलं, आता दे. आता ओ दे, मीच सांगायलाव." त्यांनी मांडीवरचे मुरमुरे मुठीत घेतले. "मी गप पड म्हणलो होतो ना."

माझ्या डोळ्यांना धार लागली. एवढी वर्षं या माणसाच्या हाकांना मी शिव्या दिल्या होत्या, पण त्या वेळी मनात तेही आलं नाही. मनात फक्त ती न पाहिलेली बाई आली, डावीकडं म्हटलं की उजवीकडं जाणारी. शकीलभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. छोट्या शेठनी मागच्या पोरांना हातानंच 'जा, जा' केलं आणि स्वतःही निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले ते डब्याची पिशवी खांद्याला आणि काउंटरच्या किल्ल्या हातात घेऊन. सरळ छोट्या शेठपुढे उभे राहिले. "वरडलो मी. गिऱ्हाइकांदेखत वरडलो. नियम म्हंजे नियम. गोदामाची किल्ली द्या." दुसऱ्याला शिक्षा करायची हौस असलेला माणूस स्वतःला सोडेल असं थोडंच आहे!

छोट्या शेठनी फोन चाचपला, काचेवरच्या विटक्या पाटीकडे बघितलं. अप्पा गेले तर काउंटरवर बसवायचं कुणाला? गावात पुढच्या डॉक्टरांचा सुकाळ, पण गूळ जोखणाऱ्याचा दुष्काळ. "माणूस मिळेपर्यंत इथंच बसा," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण अप्पा, हाक नको. दोन आयांचे फोन आलेत. पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही."

"न्हाई मारत," अप्पा म्हणाले आणि काउंटरवर जाऊन बसले.

नांदेडसारखी आता आमच्याकडेही बासरी वाजत होती. अप्पा गूळ जोखत होते. हात बेलकडे जायचा आणि मागं यायचा. मी डाळींच्या रॅकमागं उभी होते, तिथून ते मला दिसत होते, मी त्यांना दिसत नव्हते. त्यांनी दोनदा मान उंचावली. तिसऱ्यांदा उठायला लागले आणि समोर गिऱ्हाईक बघून परत बसले. तोंड नुसतं उघडलं, आवाज काढला नाही, परत मिटलं.

माझ्या मनात आलं, मनाई हाक मारायला आहे. ओ द्यायला कुठं आहे?

मी तुरीच्या डाळीचं पाकीट हातातच धरून म्हटलं, "ओ अप्पा! हाय मी!"

दुकानातली माणसं चमकून बघायला लागली. कुणी हाकच मारली नव्हती. गोदामाच्या दारातून लगेच शकीलभाईंचा आवाज आला, "हौ अप्पा! मैं भी हूँ! इधरिच हूँ!"

अप्पांचा हात काट्यावर तसाच राहिला. समोरची बाई म्हणाली, "काका, गूळ." त्यांनी गूळ पिशवीत भरला, बाईंच्या हातात दिला, पदरानं पुसावेत तसे उपरण्यानं डोळे पुसले. मग नेहमीसारखी कपाळाला आठी घातली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "एवढा बारीक आवाज? जेवल्या न्हाई का सकाळी? मोठ्यानं द्या."

मी दिली.